मंगळवारचा बाक

जलवाहिनी फुटल्याची घंटा वाजली, तेव्हा म्हातारा नुकताच बाकावर टेकला होता. डाव्या टोकाला. उजवं टोक बायकोचं. मध्ये दोघांचा डबा.

पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूमबाहेरचा हा बाक. आत काम करणाऱ्या सगळ्या बायका, आणि त्यांना हाताला धरून शिकवलं ते त्याच्या बायकोने. खात्यात सगळे तिला बाईच म्हणत. बाईंची शिकवायची तऱ्हा न्यारी. मंगळवारी दहाच्या ठोक्याला खुर्चीतून उठायचं, "आज मी नाही असं समजा" म्हणायचं आणि या बाकावर येऊन बसायचं. आत आभाळ कोसळलं तरी हलायचं नाही. तो निवृत्त ड्रायव्हर. मंगळवारी डबा घेऊन शेजारी येऊन बसायचा. हल्ली स्वयंपाकही तोच करायचा.

आजची घंटा मात्र सरावाची नव्हती. टेकडीखाली मोठी वाहिनी फुटली होती. पाणी चालू ठेवावं तर खालची वस्ती बुडणार, बंद करावं तर इस्पितळ कोरडं.

चिमणी दारात आली. अंगाने एवढीशी, म्हणून हे नाव बाईंनीच ठेवलेलं. पण सगळ्या अभियंत्यांत तयारीची तीच. तिने बाकाकडे पाहिलं. तशीच आत वळली.

मोठे साहेब जीपमधून उतरले. बाईंच्या जागी मुख्यालयातून माणूस आणायचं त्यांच्या मनात महिनाभर घोळत होतं. आज पोरींचा हात चुकला की कागदावर सही होणार, हे म्हाताऱ्यालाही ठाऊक होतं.

"बाईंनी या पोरींना डोक्यावर चढवून ठेवलंय," साहेब म्हणाले.

"डोक्यावर नाही, साहेब. खुर्चीवर," म्हातारा म्हणाला.

साहेब आत गेले. दार उघडंच राहिलं. जुन्या वाहिनीतून इस्पितळाला पाणी द्यायचं आणि मगच मोठी बंद करायची, असं चिमणी सांगत होती. साहेबांनी सुनावलं की तो व्हॉल्व्ह वीस वर्षं कोणी हलवलेला नाही, गंजून दगड झाला असेल.

"दर महिन्याला फिरवतो, सर. ग्रीस लावून. बाईंनी सवय लावली."

म्हातारा गालात हसला. त्या ग्रीसचे डाग साडीवरून त्याने किती वेळा घासून काढले होते.

ऊन बाकाच्या उजव्या टोकावर आलं. त्याने छत्री उघडून तिकडे कलती धरली.

पाऊण तासात वायरलेसवर एकेक निरोप आला. व्हॉल्व्ह फिरला. इस्पितळाच्या टाकीत पाणी पडलं. वस्तीतलं पाणी ओसरू लागलं. आत कोणी टाळ्या पिटल्या नाहीत. बाईंच्या पोरी आधी नोंद करतात.

साहेब बाहेर आले, चष्मा पुसत बाकापुढे थांबले. "बाहेरचा माणूस आणत नाही. चार्ज या पोरीकडेच. उद्या कागद पाठवतो." एवढं बोलून ते गेले. म्हाताऱ्याची मान जरा ताठ झाली.

मग चिमणी आली. त्याने डब्याचं झाकण काढलं.

"काका, लई घाबरले होते. बाई आज असत्या तर त्यांनी काय केलं असतं हो?"

त्याने छत्री मिटली आणि तिला रिकाम्या उजव्या टोकाला बसायची खूण केली.

"काही नाही. इथेच बसून राहिली असती."