उतरेल

हवामान कार्यालयातली नवी यंत्रणा म्हणजे साहेबांच्या गळ्यातला ताईत. आता भोंगा लावलेली जीप गावोगाव फिरवायला नको. एक बटण दाबलं की किनाऱ्यावरच्या प्रत्येक फोनवर इशारा हजर. सकाळी इशारे लिहिणाऱ्या कर्मचारी बाईने पहिलाच मजकूर लिहिला, "वादळ दुपारी किनाऱ्यावर धडकेल."

साहेबांनी नाक मुरडलं. "धडकेल काय? लोकांच्या पोटात गोळा येईल. 'उतरेल' लिहा, विमान उतरतं तसं. आणि 'किनाऱ्यावर' कशाला? तिथल्याच लोकांना पाठवतोय ना?"

"अहो, पण साहेब..."

"शब्दांचा कीस पाडू नका, बाई. दाबा बटण."

तिने दाबलं. तिच्या जिवाला तसा घोर नव्हता. आईला ताप होता, तरी भावाने कालच तिला समुद्राला लागून असलेल्या घरातून टेकडीवरच्या शाळेत हलवलं होतं.

दुपारी वारा असा उठला की पडद्यावरचे किनाऱ्याचे मोबाइल टॉवर एकेक करून विझले. साहेब मात्र खुशीत. "बघा, घाबरून एकाचाही फोन आला नाही!"

आईची चौकशी करावी म्हणून तिने भावाला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला, लागेना. त्याचा सकाळचा मेसेज तेवढा न वाचता पडून होता.

"ताई, आईचा ताप उतरला. वादळही दुपारी उतरतंय, तुमचाच मेसेज आला. म्हणून तिला घरी घेऊन आलो."