कोपर ते मनगट

चौदापर्यंत त्र्यंबकरावांनी नीट मोजलं आणि पंधराव्या डासाला फाडकन मारलं. चापट बसली ती त्यांच्याच मुलीच्या, आसावरीच्या, उघड्या हातावर.

"गेलं रीडिंग," ती म्हणाली.

"हात आपोआप गेला गं."

"बाबा, मारायचं नाही, फक्त मोजायचं. एवढंच सांगितलं होतं ना?"

अलास्कातल्या त्या दलदलीच्या काठाला दोन घडीच्या खुर्च्या मांडून बापलेक समोरासमोर बसले होते. डोक्यावर जाळीच्या टोप्या, अंगात जाड शर्ट, हातात मोजे. भर जुलैत हा थाट, कारण डास इतके की जाळी चुकून गालाला टेकली तरी तेवढ्यात तीन-चार जण जेवून जात. उघडा होता तो फक्त आसावरीचा डावा हात, कोपरापासून मनगटापर्यंत.

एकोणचाळीस दिवस रोज सकाळी अकराला ती हा हात एक मिनिट असाच धरत होती आणि त्यावर किती डास उतरले ते वहीत लिहीत होती. हात तोच, वेळ तीच, मलम काही नाही. चाळीस दिवस सलग झाले की तिच्या पीएचडीचं या उन्हाळ्याचं काम पुरं होणार होतं. एक दिवस जरी बुडाला तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. आज चाळिसावा दिवस होता, आणि कालच एक बारकी काळी माशी तिच्या पापणीला चावून गेली होती. उजवा डोळा पार मिटला होता. सूज डाव्यापर्यंत पसरली होती; त्यातून उजेड दिसे, डास दिसत नव्हते. तिची सोबतीण मेगन पेट्रोल आणायला दीडशे मैलांवर गेलेली. उरले बाबा. ते अमेरिकेतच, बेलव्ह्यू शहरात मुलाकडे आले होते आणि तिथून चार दिवस लेकीचं काम बघायला इथं येऊन पोचले होते.

खरं तर याहून योग्य माणूस शोधून सापडला नसता. गडचिरोलीच्या हिवताप विभागात त्र्यंबकराव अठ्ठावीस वर्षं कीटक समाहारक होते. सोप्या भाषेत सांगायचं तर डास पकडणं ही त्यांची सरकारी नोकरी. पहाटे टॉर्च आणि काचेची नळी घेऊन गोठ्यांत शिरायचं आणि तासाभरात किती सापडले ते वर कळवायचं. आकडा चुकवणारा माणूस नव्हे. पण तेव्हा डास गोठ्याच्या भिंतीवर असायचे. पोरीच्या हातावर बसलेले बघायचे, ही ड्युटी त्यांना कधी लागली नव्हती.

"माझा हात घे," ते म्हणाले.

"तुमचा नाही चालणार. माणूस बदलला की आकडा बदलतो. तुम्हाला माहितीये."

माहीत होतं.

"अकरा वाजून दहापर्यंत चालतं," आसावरी म्हणाली. "अजून एकच ट्राय आहे. नाही झालं तर तसं लिहून टाकीन." सुजलेल्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, पण आवाज कापत होता. त्र्यंबकरावांना स्वतःचीच लाज वाटली.

या वेळी त्यांनी उजव्या हाताला काम दिलं. हातमोजा काढला, अंगठा करंगळीच्या शेवटच्या पेरावर टेकवला आणि पेरांवर मोजायची तयारी केली. त्यांच्या स्वतःच्या या उघड्या हातावर जे बसतील ते काही मोजणीत नव्हते.

"स्टार्ट," म्हणत तिने फोनचा टायमर दाबला.

एक. दोन. पाच. अकरा. प्रत्येक डासागणिक त्र्यंबकरावांचा जबडा आवळत होता. विसाव्याला अंगठा पेरावरून सुटला होता, तो त्यांनी पुन्हा दाबून धरला. तेवीस. चोवीस.

मग ते जरा पुढे वाकले.

"हे आडवे बसतात गं."

"काय?"

"आपला मलेरियाचा डास तिरका बसतो, टाचणी टोचून ठेवल्यासारखा. हे सगळं अंग टेकवून बसताहेत. आणि घाई नाही बघ यांना. आधी जागा चाचपतात, मग सोंड."

"बाबा, मोजताय ना?"

"एकतीस. बत्तीस. मोजतोय."

आता त्यांचा आवाज एकदम सपाट झाला होता. पेरांवर अंगठा बिनचूक फिरत होता. वाकता वाकता ते खुर्चीवरून उतरून ओल्या शेवाळावर गुडघे टेकून बसले, तरी त्यांचं त्यांना कळलं नाही. चष्म्याची काच जाळीला आणि जाळी जवळजवळ तिच्या हाताला लागली होती.

टायमर वाजला.

"किती?"

"अडुसष्ट."

"नक्की?"

"अडुसष्ट म्हणजे अडुसष्ट."

आसावरीने मांडीवरची वही चाचपून उघडली आणि मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत आकडा लिहिला. चाळीस झाले. तिने मोठा श्वास सोडला आणि बाही खाली ओढायला हात मागे घेतला, तर तो हलेना. बाबांनी तिची बोटं धरून ठेवली होती.

"बाबा, मिनिट संपलं."

"हो, ऐकलं."

त्यांच्या स्वतःच्या उजव्या हाताची पाठ डासांनी काळी झाली होती. तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते बघत होते आसावरीच्या मनगटाजवळच्या एका मादीकडे. तिच्या पोटात लाल रंग हळूहळू चढत होता.

"हलू नकोस," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पोट भरू दे तिचं."