चाळीस चमचे पाणी

"सव्वीस झाले की सत्तावीस?" बेगायिमनं विचारलं, आणि कुणी उत्तर द्यायच्या आत पुन्हा एकपासून सुरुवात केली.

घंगाळात तिची मुलगी हातपाय झाडत होती. बाळाला चाळिसाव्या दिवशी चाळीस चमचे पाण्यानं न्हाऊ घालतात. चमचे आईनं मोजायचे. भोवती बसलेल्या बायका हसल्या.

"कॉलेजात शिकलीस ना गं?" सासू, बुरूल आपा, म्हणाली. "शाळेत पोरांना शिकवतेस. तिथं चाळीसपर्यंत आकडे जात नाहीत वाटतं?"

"भिजून भिजून मनुका होईल पोरीची," शेजारची म्हातारी म्हणाली. "केस तर बघा, मेंढीनं चाटल्यासारखे."

बेगायिमही हसली. तिला मोजता येत होतं. पण चाळिसावा चमचा ओतला की मुलगी तिची राहणार नव्हती.

मे महिन्यात डोंगरातल्या कुरणांवर निघायच्या सकाळी तिच्या नवऱ्यानं, मिर्बेकनं, अंगणात ट्रक मागे घेतला. चाकामागे एलामान बसला होता. मिर्बेकच्या थोरल्या भावाचा मुलगा, दोन वर्षांचा, एकुलता एक. तो जागीच गेला. पोलीस आला तेव्हा थोरल्यानं आमची काही तक्रार नाही म्हणून सांगितलं. सख्ख्या भावाला तुरुंगात घालून काय मिळणार होतं? पण काहीतरी द्यायला तर हवं होतं. पूर्वी अशा वेळी घोडे द्यायचे. या घरचे घोडे दोघा भावांच्या मालकीचे होते, कुणी कुणाला द्यायचे? सातव्या दिवसाचं जेवण उरकल्यावर आपानं बेगायिमच्या पोटाकडे बघितलं. "जे येईल ते तुर्सुनायचं," ती म्हणाली. तुर्सुनाय म्हणजे बेगायिमची थोरली जाऊ, एलामानची आई. बेगायिम तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायची.

बेगायिमनं मान डोलावली होती. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची. एक मूत्रपिंड गेलं की दुसरं वाढतं आणि दोन्हींचं काम ओढतं, हे तिनं फळ्यावर कितीदा काढून दाखवलं होतं. कायद्यात भरपाई असते, शरीरातही असते, मग घरात का नसावी, असं तिला वाटलं होतं. तेव्हा मुलीला चेहरा नव्हता. आता होता. झोपेत ती ओठांचा चंबू करायची. बेगायिम उठून उठून तिच्या नाकाशी बोट धरायची. बोटाला श्वास जाणवला की पुन्हा आडवी व्हायची, आणि लाज वाटत असतानाही एकच मागायची. जावेचं मन फिरू दे.

"आटप आता," आपा हळू आवाजात म्हणाली. "तुर्सुनाय आली."

बेगायिमनं उरलेले चमचे ओतले. बायकांनी बाळाला पुसलं. शेजारपाजारहून मागून आणलेल्या कापडाच्या तुकड्यांचा सदरा घातला आणि तुर्सुनायच्या मांडीवर दिलं.

तुर्सुनायनं वाकून टाळूचा वास घेतला. मुलगी तोंड वळवून तिची छाती शोधू लागली. कुणी हललं नाही. बेगायिम खाली अंथरलेल्या लोकरी नमद्यावरच्या शिंगांच्या नक्षीकडे बघत राहिली.

"गोड आहे," तुर्सुनाय म्हणाली. मग म्हणाली, "हिला नेलं की तुम्ही सगळे म्हणाल, फिटलं."

"फिटू दे ना गं आता," आपा म्हणाली.

"तुमचं फिटेल. मग एलामानचं नाव कोण काढेल? म्हणाल, तिला काय, मिळालं की पोर." तिनं सदऱ्याची बाही सारखी केली. "मला नको, आपा. त्याच्या जागी मी कुणाला निजवणार नाही."

तिनं मुलीला बेगायिमच्या मांडीवर ठेवलं आणि उठली.

बेगायिमनं मुलीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. दूध एकदम सुटलं, झगा पुढून भिजला. बायका कुजबुजत होत्या, आपा काहीतरी बोलत होती. बेगायिमला काही ऐकू येत नव्हतं. मागितलं होतं ते मिळालं होतं. मुलीला खांद्यावर घेऊन थोपटत ती खिडकीशी गेली.

बाहेर मिर्बेक होता. मे महिन्यापासून तो मेंढ्यांच्या गोठ्यात झोपायचा. भावाच्या दारात त्यानं पाऊल टाकलं नव्हतं. स्वतःच्या मुलीलाही एकदाही हात लावला नव्हता. उचललं तर देववणार नाही, म्हणायचा. आज त्यानं दाढी केली होती. मुलीचा लाकडी पाळणा खांद्यावर घेऊन तो अंगण ओलांडून भावाच्या दाराशी पोचला होता.

दार उघडलं. थोरला भाऊ उंबऱ्यात उभा राहिला. मग थोरल्यानं पुढे होऊन पाळण्याचं दुसरं टोक धरलं. "सांभाळून," तो म्हणाला, "चौकट खाली आहे, डोकं लागेल." मिर्बेक वाकला, आणि तसाच वाकून राहिला. पाळणा दोघांच्या मध्ये हलत होता. थोरल्यानं मोकळा हात त्याच्या पाठीवर ठेवला.

आत काय झालं, ते त्या दोघांना अजून माहीत नव्हतं.

तुर्सुनाय दाराशी रबरी बूट पायात चढवत होती. घराबाहेर पाऊल टाकलं की चार ढांगांत ती त्या दोघांपाशी असती, आणि तिचं 'नको' त्यांना कळलं असतं.

बेगायिम अनवाणी धावली आणि तिच्या वाटेत गुडघ्यांवर बसली. मुलगी खांद्याशी नुकती शांत झाली होती. तिच्या मुठीत बेगायिमची वेणी होती. बेगायिमनं एकेक बोट उघडून ती सोडवली आणि मुलीला दोन्ही हातांनी पुढे केलं.

"घ्या ना, एजे," ती म्हणाली. "नाही म्हणू नका."