बाहेरचा अडसर

“अडसर बाहेरून होता,” सर म्हणाले, आणि उत्खननाच्या खड्ड्यातले सगळे हात थांबले.

खोटं काहीच नव्हतं त्यात. ते दार तिनंच उकरून काढलं होतं. हजारो वर्षांपूर्वी हे घर जळलं, तेव्हा भिंतींची माती भाजून विटेसारखी कडक झाली. लाकूड गेलं, पण मातीत त्याचे ठसे राहिले. दाराच्या दोन्ही बाजूंना आडवं दांडकं अडकवायच्या खोबणी होत्या, आणि दोन्ही बाहेरच्या अंगाला. आत, मागच्या भिंतीशी, एक म्हातारी सापडली होती.

“आत कोंडलं आणि आग लावली. हल्लाच हा. आता कुणाच्या बापाला नाही म्हणता यायचं नाही.”

सरांना लढायांचं भारी वेड. मूठभर राख दिसली की त्यात त्यांना शत्रूची फौज दिसायची. पण आज त्यांचा आवाज खरोखर चिरकला होता. “म्हाताऱ्या माणसाला आत ठेवून बाहेरून अडसर घालायचा. काळीज होतं की दगड?”

तिनं मान वर केली नाही.

आज सकाळी तिनं तेच केलं होतं. आईच्या उशाशी पाण्याची बाटली ठेवली, मऊ खाणं वाटीत झाकून ठेवलं, गॅस सिलिंडरपाशी बंद केला आणि दाराला बाहेरून कुलूप घातलं. आईला हल्ली घर आठवत नसे. दार उघडं मिळालं की ती आपल्या आईकडे जायला निघायची. एकदा तर ट्रकांच्या रस्त्यात मधोमध उभी सापडली. सांभाळायला ठेवलेल्या बाया कंटाळून पळाल्या. घरी बसावं तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की भाड्याची खोलीही जाणार. तिनं सगळा विचार करून पाहिला होता. कुठूनच वाट नव्हती. कुलूप लावताना आई आतून दार थोपटायची आणि अगदी समजूतदारपणे म्हणायची, “अगं, मी आत राहिलेय. उघड ना.” जिना उतरेपर्यंत ते ऐकू येई. इथे मात्र तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की आईपाशी मावशी येऊन बसते.

“दुपारी पत्रकार येतायत,” सर म्हणाले. “दार तुमचं, तुम्हीच सांगा त्यांना. खून म्हणा सरळ. भ्यायचं काय त्यात?”

ती पुन्हा कुंचला घेऊन बसली. हात चालत होते, पण जीव थाऱ्यावर नव्हता.

मागच्या भिंतीशी हाडं तपासणारा सहकारी वाकला होता. सगळे त्याला हाडवैद्य म्हणत, आणि तोही हाक मारली की ओ द्यायचा. त्यानं तिला खुणावलं. म्हातारीच्या अंथरुणाच्या जागी, हात पोचेल इतक्या अंतरावर एक मडकं होतं आणि शेजारी वाडगं. वाडग्याच्या तळाशी काळा, जळका लगदा.

“भरडून शिजवलेलं धान्य,” तो म्हणाला. “दात एकही नव्हता बिचारीला. कुणीतरी काळजीनं मऊ करून दिलेलं दिसतंय.”

तिला उठून पळत सुटावंसं वाटलं. ती दारापाशी परत आली आणि कोसळलेल्या छपराची शेवटची ढेकळं उचलू लागली. त्यांच्याखाली, उंबऱ्याच्या आत एका पावलावर, दुसरं माणूस होतं. हाडवैद्यानं पाहिलं. बाई. चाळिशीची असेल.

“दोघींना कोंडलं म्हणजे,” सर म्हणाले. “ही पळत दारापर्यंत आली होती.”

पण डोकं दाराकडे नव्हतं. डोकं आत होतं, एक हात पुढे लांबवलेला, म्हातारीच्या दिशेनं. पाय उंबऱ्याला लागून. तिनं कुंचला उचलला. मग उठली आणि उंबऱ्याबाहेरची राख हळूहळू साफ करत गेली. अडसर खोबणींजवळ नव्हताच. तो बराच लांब, अंगणात पडला होता. एका टोकाला जरासा जळलेला, बाकी त्याचा आकार मातीत शाबूत. कुणीतरी उपसून भिरकावला होता. त्याच्याजवळच, लाकडी मूठ कुजून गेलेल्या विळ्याची दगडी पाती ओळीनं पडली होती.

तिला सगळं समजलं.

वर गाड्या थांबल्याचा आवाज आला. पत्रकार कडेला येऊन उभे राहिले. सरांनी तिला हात केला. “बोला. शत्रूनं कसं कोंडलं ते सांगा.”

“शत्रूनं नाही,” ती म्हणाली. “घरच्या बाईनं कोंडलं. लेक असेल नाहीतर सून. खाणंपिणं हाताशी ठेवलं, अडसर घातला आणि शेतात गेली.”

“काहीतरीच काय,” सर हलक्या आवाजात म्हणाले. “आपल्या माणसाला असं कोण कोंडतं?”

“मी कोंडते, सर. मावशी वगैरे कुणी नाही. आईला आत ठेवून मी रोज बाहेरून कुलूप लावते.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि उंबऱ्याआतल्या त्या बाईकडे बोट केलं. “मग ही कोण?”

“तीच. अडसर फेकून आत शिरली.” तिनं हातमोजे काढले आणि शिडी धरली. “तिला धूर दिसल्यावर यावं लागलं. मी आत्ताच निघते.”