बोलीदार क्रमांक दोन

रुपचंदभाऊंचं कार्य अमर आहे, असं शोकसभेत सहा वक्त्यांनी सांगितलं. त्यानंतर ते पाच महिने टिकलं.

कार्य म्हणजे एक वेबसाइट. जळगाव-धुळ्याच्या रक्तदात्यांची यादी, गट आणि फोन नंबरांसकट. भाऊ दरवर्षी नऊशे रुपये भरून तिचं नाव राखत. मुदत संपत आल्याच्या सूचना वेबसाइटची नावं विकणाऱ्या कंपनीने भाऊंच्या ईमेलवर पाठवल्या. भाऊंचा फोन घरच्यांनी तिसऱ्या दिवशी, उठावण्यालाच, बंद करून चष्म्याशेजारी कपाटात ठेवला होता.

आता वेबसाइटवर रमीच्या आणि लोनच्या जाहिराती लागत होत्या. भाऊंच्या रक्तदाता मंडळाच्या जळगाव शाखेची चिटणीस नूतनने कंपनीला फोन लावला, तेव्हा पारोळ्याचा नवल समोरच बसला होता. त्याच्या मुलीला दर तीन आठवड्यांनी रक्त लागायचं.

"ताई, मी रगत धुंडाले गऊ, ते माले लोन दखाडी ऱ्हायनं," तो म्हणाला.

"मुदत संपली की नाव लिलावात जातं मॅडम," फोनवरच्या माणसाने समजावलं. "तुमच्या नावाला ट्रॅफिक छान आहे. रोज चारशे. म्हणून तर जाहिराती लागल्या."

"ते ट्रॅफिक नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात उभे असलेले नातेवाईक आहेत ते."

"हो मॅडम, तेच. व्हिजिटर्स."

नूतनने फोन ठेवला आणि नवलसमोर उच्चारू नये असा शब्द उच्चारला. नवलने मान डोलावली.

लिलाव तीन दिवसांचा होता. नूतनने पाच हजारांची बोली लावली. दहा मिनिटांत 'बोलीदार क्रमांक दोन' सहावर गेला. ती दहावर गेली, तो अकरावर. मरणाऱ्यांच्या नातेवाइकांना पत्ते खेळायला लावणारा हा हरामखोर कोण, या विचाराने तिला जेवण जाईना. तो फक्त दुपारी एक ते चार गप्प असे.

"अमेरिकेत तेव्हा रात्र असते," मंडळाचा खजिनदार जिनेश म्हणाला. मग चाचरत म्हणाला, "धुळे शाखेची मदत घ्यायची का?"

"त्यांना कळूसुद्धा द्यायचं नाही."

शिबिराच्या बॅनरवर कुणाचा फोटो मोठा, यावरून दोन वर्षांपूर्वी दोन्ही शाखा बोलेनाशा झाल्या होत्या.

शेवटच्या संध्याकाळी रक्ताच्या पिशव्यांच्या फ्रीजसाठी जमवलेले पैसेही बोलीत गेले. एक लाख चाळीस हजारांना क्रमांक दोनने माघार घेतली. यादी परत दिसू लागली. नवलने पहिला फोन त्या यादीवरूनच लावला.

एवढा विजय धुळ्याला न कळवणं नूतनच्या जिवावर आलं. तिने धुळे शाखेच्या अध्यक्षांना फोन केला.

"झुंबरशेठ, भाऊंची यादी जळगावने सोडवली. त्या परदेशी जुगाऱ्याला पुरून उरलो आम्ही."

झुंबरशेठांनी आधी आकडा विचारला.

"कितीला?"

"एक चाळीस."

"एक एकोणचाळीसला बायकोने, मंजूने, माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला," झुंबरशेठ सावकाश म्हणाले. "मीही म्हटलं, जुगारवाल्यांपुढे आपला काय टिकाव लागणार."

नूतनने विचारलं, "आणि दुपारी एक ते चार?"

"दुपारी मी झोपतो, ताई."

कंपनीच्या नियमावलीत सातवं कलम होतं. लिलावात एकच बोलीदार असल्यास नाव मूळ दराने, म्हणजे नऊशे रुपयांना, देण्यात येईल.