तहान नाही गं

ग्रीसमधल्या लारिसा शहरात उन्हाचा कहर झाला, तशी एल्पिडा अथेन्सहून म्हाताऱ्या आईकडे राहायला आली. उष्माघाताच्या बातम्या ऐकून ती घाबरली होती. दर थोड्या वेळानं ती आईपुढे पाण्याचा ग्लास धरायची. रक्तदाबाचं कारण सांगून खारट फेटा चीज आणि खारवलेली ऑलिव्हही तिनं बंद करून टाकली.

"तहान नाही गं," स्तमाटियाबाई म्हणायच्या.

"तहान लागेपर्यंत उशीर होतो, आई. पी."

लेकीचं मन राखायला त्या प्यायच्या.

आठवडा संपता संपता त्यांचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, त्या काहीबाही बरळायला लागल्या. ऊनच लागलं, असं समजून एल्पिडानं आणखी एक ग्लास त्यांच्या ओठांना लावला. बाईंनी दात घट्ट आवळले आणि हाताच्या फटक्यानं ग्लास उडवून दिला. एल्पिडानं रडत रडत रुग्णवाहिका बोलावली.

रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऊन नाही, पाणी बाधलंय यांना. रक्तातलं मीठ फार उतरलंय. आणखी पाजलं असतंत, तर मेंदूची सूज वाढून जिवावर बेतलं असतं."

बाई शुद्धीवर आल्या, तेव्हा एल्पिडानं त्यांचा हात गालाला लावला.

"आई, बरं झालं तू माझं ऐकलं नाहीस."

 

"आठवडाभर ऐकलं ना तुझं," बाई हात सोडवून घेत म्हणाल्या, "म्हणून तर इथं आले."