केनीचं पिल्लू

माझं ऑफिस घरातूनच चालतं आणि माझा मुलगा केनी एकटा पडतो, म्हणून त्याच्यासाठी काहीतरी पाळायचं ठरवलं. कुत्रा चावेल, मांजर ओरबाडेल. शेवटी आगाशीहून, सासूबाईंच्या खुराड्यातलं कोंबडीचं पिल्लू आणलं.

“तीन वर्षांचं पोर ते, लाडानंच पिळून मारील त्याला. जवळ बस गं जरा,” सासूबाईंनी बजावलं होतं.

कॉल चालू होता, म्हणून मी दारातूनच लक्ष ठेवलं. केनीने पिल्लाला ओंजळीत अगदी अलगद उचललं, उशीवर ठेवलं. मला हायसं वाटलं. पिल्लू चिवचिवायला लागलं, तसा त्याने घरातला जुना मोबाईल आणून त्याच्यापुढे उभा केला, कार्टून लावलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसला.

“रडायचं नाही हां. मम्माची मीटिंग आहे.”